माझाच आवाज ऐकायला सोलापूरला

सहल ठरली ती भाच्यानं पाठवलेल्या एका व्हिडिओमुळे. तो कामासाठी सोलापूरला गेला होता. तिथं एका टपरीवर चहा प्यायला, फोननं पैसे दिले आणि टपरीवरचा निळा डबा बोलला, "वीस रुपये प्राप्त झाले आहेत." व्हिडिओखाली भाच्यानं एवढंच लिहिलं होतं, "मावशी, तू!!!"

मीच होते. व्यवसायानं मी आवाज आहे. लिफ्टमध्ये "कृपया दरवाज्यापासून दूर राहा" मी सांगते. एका बँकेच्या फोनवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे धादांत खोटं वाक्यही माझंच. आणि काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं मला कपाटाएवढ्या स्टुडिओत बसवून एक ते नव्व्याण्णव, मग शंभर, हजार, लाख आणि शेवटी "रुपये प्राप्त झाले आहेत" असं सगळं सुटं सुटं म्हणवून घेतलं होतं. दुकानात क्यूआर कोडशेजारी ठेवतात त्या बोलणाऱ्या डब्यासाठी. मी म्हटलं होतं, "'प्राप्त' कशाला? साधं 'मिळाले' म्हणूया." रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "वरून लिहून आलंय मॅडम. आणि भावना जरा कमी." पैसे येताना भावना कमी कशी करायची ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण केली.

गंमत अशी की पुण्यात माझा डबा दिसतच नाही. आमच्या भागात सगळे डबे हिंदी किंवा इंग्रजीत बोलतात. भाच्याच्या व्हिडिओनं कळलं की त्या कंपनीचे डबे सोलापूरकडे गेलेत. म्हणजे एक अख्खा जिल्हा रोज मला ऐकत होता आणि मी इथं कोथिंबीर निवडत बसले होते.

"जाऊया," मी श्रीकांतला म्हणाले. श्रीकांत माझा नवरा, सरकारी खात्यातून निवृत्त, कमी बोलणारा.

"तुझा आवाज ऐकायला एवढं पेट्रोल जाळायचं?" तो म्हणाला. "मला तो घरी फुकट मिळतो."

पण संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, मंगळवेढ्याकडे ज्वारी कणसावर आली असणार, आणि मालदांडी ज्वारी हा श्रीकांतचा एकमेव हळवा विषय. तेव्हा त्याला ज्वारी, मला कीर्ती, अशा दोन हेतूंनी आम्ही शुक्रवारी सकाळी गाडी काढली.

पहिला दिवस: पुणे ते सोलापूर

रस्त्याची काळजी करू नका. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असा सरळ महामार्ग आहे. नाश्त्याला थांबूनही जेवणाच्या वेळेला सोलापूर येतं. टोल काचेवरच्या टॅगमधून आपोआप कापला जातो. टॅगमध्ये शिल्लक आहे का एवढं निघण्याआधी बघा. आम्ही बघितलं नव्हतं. नाक्यावर मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून आमचं जे कौतुक केलं ते इथं लिहिता येणार नाही. श्रीकांत फोनवरून टॅग भरत होता आणि मी मागे वळून ट्रकवाल्याकडे बघून हसत होते, जणू त्यानं मला ओळखलंच आहे.

रूम नवी पेठेजवळ घेतली. दोन हजारांच्या आत स्वच्छ खोली, गरम पाणी, खाली पार्किंग. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. ही भाकरी पापडासारखी मोडते आणि आवाज करते. त्या दुपारी खानावळीत सगळ्यात जास्त आवाज आमच्याच टेबलाचा होता. बिल देताना मी कान टवकारले. डबा हिंदीत बोलला.

संध्याकाळी चादरी घ्यायला गेलो. दुकानाचे मालक अण्णा गल्ल्यावर होते. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेलं आणि घरात तेलुगू बोलणारं. चादर बघताना मी मुद्दाम गल्ल्याजवळ उभी राहिले आणि चेहऱ्यावर, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं असतं तसलं विनम्र हसू आणून ठेवलं. श्रीकांतनं पैसे दिले. डबा तेलुगूत बोलला.

"मराठीत नाही का हा?" मी विचारलं.

"आमची आई बसते ना दुपारी," अण्णा म्हणाले. "तिला तेलुगू बरं पडतंय. आता काय, पाहिजे ती भाषा लावता येते ताई. हा नवीन डबा हाय. आकडा पडद्यावर पण दिसतंय, कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतंय."

"आवाज कोणाचा आहे?"

"कुणाचा नाही. संगणक करतो म्हणे."

मी त्या डब्याकडे पाहिलं. आतल्या ह्या बाईचा घसा बसत नाही, तिला चहा लागत नाही, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळ होत नाही. श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही. रात्रीपर्यंत मी गप्प होते. श्रीकांतला सहल आवडायला लागली होती.

शेवटी त्या रात्री माझी आणि माझ्या आवाजाची भेट झाली ती बसस्थानकाजवळच्या स्वच्छतागृहात. बाहेर बसलेल्या बाईंच्या टेबलावर निळा डबा होता. मी कोड स्कॅन केला आणि तो ठणठणीत आवाजात सगळ्या रांगेला म्हणाला, "पाच रुपये प्राप्त झाले आहेत." मी भारावून उभी राहिले. मागच्या बाई म्हणाल्या, "अवो, जावा की आत."

दुसरा दिवस: मंगळवेढा

सोलापूर ते मंगळवेढा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे, तासाभरात पोचता. भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन आणि नजर पोचेल तिथपर्यंत ज्वारी. श्रीकांतनं तीनदा गाडी थांबवली. एका शेतात हुरडा भाजत होते. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, लसणाची चटणी आणि शेंगा तोंडी लावायला. आम्ही खाल्लं आणि पैसे विचारले तर शेतकरी हसायला लागला. हुरडा पार्टीची जाहिरात असलेली ठिकाणंही वाटेत आहेत, तिथं माणशी चारशे-पाचशे रुपये घेतात. आधी फोन करून जा.

मंगळवेढ्यात पेठेत शिरल्यावर श्रीकांत धान्याच्या दुकानांकडे वळला. माझा फोन गाडीत चार्जिंगला लावला होता, तो तसाच राहू दिला. "अर्ध्या तासात इथंच भेटू," असं ठरवून मी एका बांगड्यांच्या दुकानात शिरले.

दुकान म्हणजे एक खोली. तिन्ही भिंतींना काचेच्या बांगड्यांच्या नळ्या, मागे पडदा, पुढे गादी. गादीवर साठी ओलांडलेल्या एक बाई, डोक्यावरून पदर, नाकात चमकी. सगळी पेठ त्यांना जैनबचाची म्हणते. त्या एका मुलीला बांगड्या भरत होत्या. आणि त्यांच्या गुडघ्याजवळ, साबणाच्या वाटीशेजारी, निळा डबा!

मुलीनं कोड स्कॅन केला. "एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले आहेत," मी, म्हणजे डबा, म्हणाला. चाचींनी मान वर केली नाही. नुसती किंचित हलवली आणि पुढचा हात मागितला. तो माझा होता.

बांगड्या भरणाऱ्या बाईंचे दोन्ही हात गुंतलेले असतात हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. एका हातात गिऱ्हाइकाचा पंजा, दुसऱ्यात बांगडी, दोन्ही साबणानं ओले. फोन उचलून बघणार कधी? त्यांचा सगळा व्यवहार कानावर चालला होता. म्हणजे माझ्यावर. मला भरून आलं.

"सैल सोडा की हात," चाची म्हणाल्या. "लाकडागत धरलाय. कुटल्या तुमी?"

"पुण्याच्या." मग न राहवून, "डब्याचा आवाज छान आहे नाही?"

"कुनाचा? ह्येचा?" त्यांनी डब्याकडे पाहिलं. "ठीक हाय. जरा सर्दी झाल्यागत बोलती."

आता तुम्हीच सांगा. माझ्या जागी तुम्ही असतात तर गप्प बसला असतात. मी बसले नाही. दुसऱ्या हाताच्या बांगड्या अर्ध्या चढल्या होत्या. मी घसा साफ केला, आवाज थोडा नाकात घेतला, थोडा पत्र्याचा केला आणि ओठ फारसे न हलवता म्हणाले, "तीनशे साठ रुपये प्राप्त झाले आहेत."

चाचींची मान सवयीनं हलली. मग बोटं थांबली. त्यांनी डब्याकडे पाहिलं. डबा बोलला की त्याचा दिवा लुकलुकतो, तो लुकलुकला नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. त्या हसतील आणि मी "अहो, तो आवाज माझाच!" म्हणेन, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझं मनगट त्यांनी अशा ताकदीनं धरलं की अर्धवट चढलेली बांगडी फुटली.

"बिराजदार!" त्या ओरडल्या. "ओ बिराजदार! या हिकडं! घावली!"

समोर भांड्यांचं दुकान होतं. तिथले पांढऱ्या टोपीतले बिराजदार काका धावत आले, त्यांच्यामागून त्यांची गिऱ्हाइकं, आणि त्यांच्यामागून पेठेत ज्यांना त्या वेळी काही काम नव्हतं ते सगळे.

"ह्याच! आवाज वाजवून पैसे बुडवत्यात!"

"फोन काढा ओ हिचा," कोणीतरी म्हणालं.

"माझ्याकडे फोन नाही," मी म्हणाले.

"फोन न्हाय? मग पैसे कशानं देनार व्हता?" बिराजदार काकांनी विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तरही होतं, पण "नवरा येऊन देईल" हे वाक्य त्या गर्दीत तोंडातून बाहेर पडताच मलाच ते भामट्या बाईचं वाटलं.

"आवाज फोनमधून नाही आला," मी म्हणाले. "माझ्या तोंडातून आला. डब्यातली मीच आहे."

वेडी आहे की काय, अशा नजरेनं सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग एक मिशाळ गृहस्थ म्हणाले, "मग म्हना की परत."

माझ्या कारकिर्दीतला तो सगळ्यात मोठा प्रेक्षकवर्ग. मी तोंड उघडलं आणि बकरीसारखा आवाज निघाला. "तीऽनशे..." एवढ्यावरच घसा बंद. पोलिस ठाणं कुठल्या बाजूला आहे यावर मागे चर्चा सुरू झाली. एवढ्यात गर्दीतून वाट काढत श्रीकांत आला, मुठीत ज्वारीचा नमुना घेऊन.

"ह्या बाई तुमच्या कोन?" बिराजदार काकांनी त्याला विचारलं.

श्रीकांतनं माझ्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय केलं तिनं?"

कोण लागते ते सांगण्याआधी गुन्हा विचारून घेणारा नवरा मला लाभला आहे, याची इथं नोंद करते.

चाचींनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेतला राग थोडा बाजूला झाला होता. "पानी द्या तिला," त्या म्हणाल्या. "घसा सुकलाय."

पाणी प्यायले. डोळे मिटले. त्या कपाटाएवढ्या स्टुडिओत बसले आहे अशी कल्पना केली आणि म्हणाले, "दोनशे पंच्याहत्तर रुपये प्राप्त झाले आहेत."

मग मागून एक बाई किंचाळली, "आगं बया, त्योच की आवाज!" आणि सगळी पेठ हसायला लागली. "एक लाख म्हना की ताई!" "माझ्या नावानं दहा कोटी म्हना!" मी लाख म्हणाले. कोटी कंपनीनं माझ्याकडून घेतलेच नव्हते, पण तेही म्हणून दाखवले. टाळ्या पडल्या. मी मान लववणार, तेवढ्यात लक्षात आलं की चाची हसत नाहीयेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बास," त्या गर्दीला म्हणाल्या. "अल्ताफला बोलवा."

अल्ताफ म्हणजे त्यांचा मुलगा, पलीकडच्या चौकात टायरचं दुकान चालवणारा. तो येईपर्यंत बिराजदार काकांनी मला आणि श्रीकांतला बसायला स्टुलं दिली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

लग्नसराईत एक जोडपं गाडीतून आलं होतं. लग्नघरचा सगळा चुडा घेतला, पाहुण्यांसाठीही डझनांनी बांगड्या बांधून घेतल्या. बाईच्या हातात चाची बांगड्या भरत असताना त्या माणसानं फोन कोडासमोर धरला. आवाज आला, चाचींनी मान हलवली, ते निघून गेले. संध्याकाळी अल्ताफनं हिशेब बघितला तर पैसे आलेलेच नाहीत. डब्याची बॅटरी दुपारीच संपलेली होती.

"त्यानं फोनमधनं वाजवलं आसनार," काका म्हणाले. "आता आसली खोटी ॲपं निगाल्यात, हिरवी खूण बी दिसती आन् आवाज बी येतो. पन तवा कुनाच्या ध्यानात येतंय? पोरगं म्हनलं, आई, बंद डबा कसा बोलंल? तुझा कान गेला. ही म्हनती, म्या ऐकलं. ती बी म्हनती, त्यो बी म्हनतो. शेवटी ठरलं, पुढच्या म्हयन्यात दुकान मोबाइलची कव्हरं इकनाऱ्याला भाड्यानं द्यायचं आन् हिनं घरी बसायचं."

हे दुकान चाचींनी नवरा गेल्यापासून एकटीनं चालवलेलं. मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. त्यांच्या बोटांचे वळ होते आणि ते तिथं असायलाच हवे होते असं मला वाटलं. ज्या आवाजावर मी दोन दिवस मिरवत होते, त्याच आवाजानं ह्या बाईंना घरच्यांसमोर खोटं पाडलं होतं. आणि मी गंमत म्हणून तेच पुन्हा केलं होतं.

अल्ताफ आला. तिशीतला, हाताला ग्रीस, घाईत. आईनं त्याला गादीवर बसवलं. "तोंड रस्त्याकडं कर. आवाज आला की सांग, डबा का मानूस."

"अम्मी, ये क्या है? दुकानात गिऱ्हाईक थांबलंय."

"बस म्हनलं ना."

मी पडद्यामागे गेले. डबा गादीजवळच होता. काकांनी आपल्या फोनवरून एक रुपया पाठवला, डबा बोलला. "डबा," अल्ताफ म्हणाला. मी पडद्यामागून बोलले. "मानूस," तो म्हणाला. "मागनं आवाज आला की. ह्यात काय?"

चाचींनी डबा उचलला आणि माझ्याशेजारी पडद्यामागे आणून ठेवला. आता कोणाला हसू येत नव्हतं. काकांनी एक रुपया पाठवला. मी बोलले. परत एक रुपया. मी दोनदा बोलले. मला श्रोत्यांपेक्षा परीक्षकांची कायम भीती वाटत आली आहे, पण त्या दिवशी मी जीव ओतून भावना कमी केली.

अल्ताफला सांगता येईना. आधी तो पटापट बोलत होता, मग थांबत थांबत. मी पडदा सारून बाहेर आले तेव्हा तो वळून आईकडे बघत होता.

"बोल आता," चाची म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कान कुनाचा गेला?"

अल्ताफनं ग्रीसचे हात पँटला पुसले. "माफ कर अम्मी," तो म्हणाला. मग त्यानं डब्याकडे पाहिलं. "मागनं आवाज आला तवा मला लगेच कळलं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गिऱ्हाईक तर पुढं बसतंय." समोरच्या दुकानातून हातोडी आणून त्यानं चाचींच्या पाठीमागच्या भिंतीत, त्यांच्या डोक्याच्या वर खिळा ठोकला, डबा तिथं टांगला आणि चार्जिंगची वायर कायमची बटणाला जोडली. "हितनं आला तरच खरा. पुढनं आला तर हात सोडू नको."

"आन् पुढच्या म्हयन्याचं?" चाचींनी विचारलं.

"बघू."

"बघू न्हाय. सांग."

"सांगतो त्या कव्हरवाल्याला. न्हाय म्हनून."

चाचींनी मान हलवली, डबा बोलल्यावर हलवायच्या तशीच, आणि माझा हात पुन्हा हातात घेतला. फुटलेल्या बांगडीच्या जागी नवी चढवताना म्हणाल्या, "आता कुटं हात सैल सोडला तुमी."

जेवायला आम्हाला सोडलं नाही. दुकानाच्या मागेच घर. बाजरीची नव्हे, हं, नव्या ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि ठेचा. श्रीकांतनं आयुष्यात पहिल्यांदा एका बैठकीत एवढं बोलून घेतलं, सगळं ज्वारीवर. चाची बांगड्यांचे पैसे घेईनात. शेवटी श्रीकांतनं हळूच बाहेर जाऊन कोड स्कॅन केला. भिंतीवरून मोठ्यानं आवाज आला, "तीनशे साठ रुपये प्राप्त झाले आहेत," आणि पंगतीतल्या सगळ्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते भाकरीनं गच्च भरलेलं होतं.

तिसरा दिवस: सांगोला आणि परत

मंगळवेढ्याहून सांगोला तासाभरावर. इथं काळी जमीन संपते आणि खडकाळ माळ, मेंढ्यांचे कळप आणि मधेमधे डाळिंबाच्या बागा सुरू होतात. बागेतून घेतली तर डाळिंबं पुण्याच्या निम्म्या भावात पडतात. एका बागेत आम्ही दोन खोकी घेतली. बागवाले आबा साध्या बटणांच्या फोनवाले. त्यांना खोकीवाल्याला पैसे पाठवायचे होते, आणि इंटरनेट नसलेल्या फोनवरूनही आता ते जमतं. नंबर लावायचा आणि पलीकडची बाई सांगेल तशी बटणं दाबायची. आबांनी फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे मलाही ती ऐकू येत होती. "पुढे जाण्यासाठी एक दाबा." बरी होती. "दाबा"मधला "बा" विनाकारण ओढत होती, पण मी काही बोलले नाही. आदल्या दिवसानंतर मला बोलण्याची हौस उरली नव्हती.

परत येताना महूद, अकलूज, इंदापूर असा रस्ता घेतला. थोडा अरुंद, पण गर्दी कमी. अकलूजच्या अलीकडे श्रीकांत अचानक म्हणाला, "तो पडद्यामागचा आवाज. मलाही कळत नव्हता."

"कोणता?"

"तुझा की डब्याचा. एवढ्या वर्षांनी मला तरी कळायला हवा होता."

मी एक डाळिंब सोलून त्याच्या हातावर दाणे ठेवले.

खर्चाचं विचाराल तर दोन रात्री, पेट्रोल, खाणं धरून दोघांचे दहा हजारांच्या आत. चादरी आणि ज्वारीचं पोतं वेगळं. पोतं डिकीत मावत नाही, मागच्या सीटवर बसवावं लागतं. थंडीतच जा, उन्हाळ्यात सोलापूरला मी तरी कोणाला पाठवणार नाही. मंगळवेढ्यात पेठेतून जाताना कोणी गाडीवरची पुण्याची नंबरप्लेट बघून जास्त निरखायला लागलं तर घाबरू नका. माझ्यामुळे असेल.

येऊन तीन आठवडे झाले. मी कंपनीला फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी माझी तक्रार नोंदवून घेतली आणि सांगितलं की नव्या डब्यांत पडदा आहेच, शिवाय जुन्या गिऱ्हाइकांना आवाजाच्या सुरुवातीला वेगळी धून देण्याचं चाललं आहे. धूनही चोरता येईल, असं मी म्हणाले. पलीकडची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, तेही आहे." निदान खरं बोलली.

माझ्यात बदललं ते एवढंच. काल भाजी घेतली, पैसे दिले, डबा हिंदीत बोलला. भाजीवाल्या मावशी पुढच्या गिऱ्हाइकासाठी वांगी जोखत होत्या, त्यांनी मान हलवली. पूर्वी मी तेवढ्यावर निघून जायचे. आता फोन त्यांच्यासमोर धरून उभी राहते.

"आलं ओ ताई, ऐकलं मी," त्या म्हणाल्या.

"तरी बघा."

"हात भरलेत."

"असू द्या. मी थांबते."

मागे रांग होती, कोणीतरी चुकचुकलं. मावशींनी वांगी पिशवीत ओतली, पदराला हात पुसले आणि फोनकडे नीट पाहिलं.